सहाय्यक स्वरूपाचे

मला तिचं बघवत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल चार बरे शब्द बोलले तर ते नाइलाजाने बोलले हे तुमच्या लक्षात येईल. ती माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची बायको. त्याआधी ती माझी वर्गमैत्रीण होती, आणि गेली तीन वर्षं ती माझ्या हाताखाली काम करते. घरी जावं तर ही, ऑफिसात यावं तर ही, जुना अल्बम उघडावा तर तिथेही माझ्या शेजारी दात काढून उभी ही. माणसाने जावं तरी कुठे?

कॉलेजात तिला आम्ही टिपकागद म्हणायचो. सर बोलायचे आणि ते सगळंच्या सगळं हिच्यात मुरायचं. आम्ही दोघी एचआरच्या मास्टर्सला एका बाकावर होतो. नोट्स मी काढायचे, तीन रंगांच्या पेनांनी, पट्टी लावून, बघत राहावं अशा. परीक्षेच्या आठवडाभर आधी ती माझी वही मागून न्यायची, एकदा वाचायची आणि परत आणून द्यायची. मला बासष्ट टक्के, तिला एकोणऐंशी. वर म्हणायची, "तुझ्या नोट्समुळे झालं गं." आता ती टोमणा मारत असती तर दोन हात करता आले असते. पण तिला खरंच तसं वाटायचं, आणि खरंच तसं वाटणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

दिसायला म्हणाल तर काही नाही. बुटकी, चष्मेवाली, हातात कायम अंगठ्याएवढी उरलेली पेन्सिल. वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. दुकान खाली, वर एक खोली, त्या खोलीत चार भावंडं. खाली दिवसभर मशिनं चालवून बघायची आणि वर हिने अभ्यास करायचा. त्यामुळे हिच्या कानाशी ढोल वाजवला तरी हिचं चित्त ढळत नाही. मला स्वतंत्र खोली होती, दाराला जाड पडदा होता, मी अभ्यासाला बसले की आई सगळ्यांना चवड्यांवर चालायला लावायची. आणि निकाल वर सांगितलाच आहे.

पदवीदानाला मी धाकट्याला फोटो काढायला नेलं. घरी येऊन बघते तर माझे फोटो तीन आणि तिचे एकोणीस. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. पुढच्या वर्षी लग्न झालं. माझ्याहून चार महिन्यांनी मोठी असलेली ही बाई दुसऱ्या दिवसापासून मला ताई म्हणायला लागली. मी म्हटलं, "अगं टिपे, तू मोठी आहेस माझ्याहून." तर म्हणते, "नात्याने तू मोठी." नात्याने मोठी, म्हणजे प्रत्येक भांडणात समजूतदारपणा मी दाखवायचा.

आईचं तर विचारूच नका. आल्यागेल्याला सांगायची, "सून कसली, लेक आहे माझी." मी एकदा विचारलं, "मग मी कोण?" आई म्हणाली, "तू आहेसच की." या उत्तरावर मी गेली बारा वर्षं विचार करते आहे.

मग तिला जुळी झाली, आणि ती आठ वर्षं घरी बसली. खोटं कशाला बोलू, ती आठ वर्षं मी सुखात होते. मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात लागले आणि पायरी पायरीने मनुष्यबळ विभागाची वरिष्ठ अधिकारी झाले. साडेतीनशे कामगार, त्यांच्या रजा, भरती, तक्रारी, भांडणं. रविवारी मी धाकट्याकडे जायचे आणि तिला ऑफिसातल्या गोष्टी रंगवून सांगायचे. एका कडेवर एक, पायाला लोंबकळणारं दुसरं, अशा अवस्थेत ती ऐकायची आणि सगळं झाल्यावर विचारायची, "मग तू काय ठरवलंस?" बहुतेक वेळा मी काहीच ठरवलेलं नसायचं. साहेबांनी ठरवलेलं असायचं, मी पत्र टाइप केलेलं असायचं. मी विषय बदलायचे. त्या घरात मुलांनासुद्धा तिने नियम लावले होते. एकमेकांची तक्रार करायची तर लेखी करायची, आणि समोरच्याचं म्हणणंही लेखी घ्यायचं. पोरं सहा वर्षांची. लिहायच्या कंटाळ्याने निम्मी भांडणं तिथेच मिटायची. मी घरी येऊन यांना सांगितलं, तर आमचे हे हसून म्हणाले, "हिला तुमच्या कारखान्यात का नाही घेत?"

आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुका शांतपणे बघायच्या, हाच धंदा. घरीही तीच सवय.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. आमच्याकडची सहाय्यक नोकरी सोडून गेली तेव्हा मी टिपकागदाचं नाव पुढे केलं. धाकटा म्हणाला, "ताई, तुझे उपकार विसरणार नाही." लोकांना वाटलं मी किती मनाची मोठी. माझ्या मनात काय होतं ते मी सांगते. माझ्या हाताखाली टिपकागद. मी खुर्चीत, ती समोर उभी, "मॅडम, इथे सही." नुसत्या कल्पनेनेच गुदगुल्या झाल्या होत्या.

आणि तसं झालंही. ऑफिसात ती मला कटाक्षाने मॅडम म्हणायची, अहो-जाहो करायची. पहिल्या दिवशी दारातच तिने मला सांगितलं, "इथे मी तुझी कुणी नाही हं." मान द्यावा तर असा. पण सहा महिन्यांत काय झालं, ते मलाही नीट कळलं नाही. माझ्या टेबलावर फायली यायच्या, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असायची, काय करावं आणि कुणाशी बोलणं झालं. मी खाली सही करायचे. फाईल पुढे जायची माझ्या सहीने, आणि शाबासकी यायची माझ्या नावाने. "मॅडम, बरोबर पकडलंत तुम्ही," साहेब म्हणायचे. मी मान डोलवायचे. ती तिच्या टेबलाशी पुढच्या फाईलमध्ये डोकं घालून बसलेली असायची. एकदाही तिने सांगितलं नाही की हे माझं होतं. सांगितलं असतं तर मी तिला चांगलं सुनावलं असतं, हे तिला माहीत असावं, किंवा तिला त्याचं काही वाटतच नसावं. दुसरी शक्यता मला जास्त झोंबते.

आता त्या तीन अक्षरांबद्दल. आमच्या धंद्यात मास्टर्स केलं म्हणजे सगळं झालं असं नाही. त्यानंतर एका संस्थेची परीक्षा असते, चार पेपर. ती पास झालात, शिवाय तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवलात, की नावापुढे तीन अक्षरं लावता येतात. ती अक्षरं लागली की माणूस नुसता एचआरमधला राहत नाही, एचआरचा होतो. मी परीक्षेला दोनदा बसले. पहिल्यांदा गावभर सांगून बसले आणि अकरा मार्कांनी गेले. दुसऱ्यांदा कुणालाही न सांगता बसले, यांनासुद्धा नाही. निकालाचा पत्ता ऑफिसचा दिला होता, आणि ऑफिसचं टपाल फोडायचं काम होतं टिपकागदाकडे. पाकीट माझ्या टेबलावर आलं ते बंद होतं, पण कडेला ओला गोंद होता, आमच्याच गोंद विभागातला, मला तो वास ओळखू येतो. तिने फोडलं होतं, बघितलं होतं आणि पुन्हा चिकटवून ठेवलं होतं. चार मार्कांनी गेले होते. ती त्याबद्दल आजपर्यंत अवाक्षर बोललेली नाही. धाकट्यालाही सांगितलं नसणार, नाहीतर आईपर्यंत आलंच असतं. माझी लाज तिने स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, आणि किल्ली तिच्याकडे आहे. अशा माणसावर प्रेम करायचं असतं म्हणे. जमत असेल एखाद्याला.

गेल्या वर्षी ती स्वतः त्या परीक्षेला बसली. पोरं पोहायच्या तलावात आणि ही काठावरच्या बाकावर पुस्तक घेऊन, असा अभ्यास. पहिल्या फटक्यात पास. आईने इमारतीतल्या एकेका दाराची बेल वाजवून सांगितलं. मला फोन करून म्हणाली, "आपल्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी अक्षरं लागणार." अजून लागली नव्हती. अनुभवाची पडताळणी बाकी होती.

त्याच सुमारास आमच्या विभागप्रमुखांनी निवृत्तीची तारीख सांगितली आणि व्यवस्थापनाने एका ओळीचं पत्रक काढलं. नवीन विभागप्रमुख आतलाच असेल तर चालेल, पण मान्यताप्राप्त हवा. मी ती ओळ चारदा वाचली. अकरा वर्षं मी त्या खोलीत काढली, आणि मान्यताप्राप्त होणार ती. तिची अक्षरं वेळेत आली तर दोन महिन्यांत मी तिच्यासमोर उभी राहून "मॅडम, इथे सही" म्हणणार. नाही आली तर बाहेरचा कुणीतरी येणार. परका आला तर परवडला. परक्याच्या पोरांच्या वाढदिवसाला मला जावं लागत नाही.

पडताळणीचा फॉर्म उमेदवाराच्या थेट वरिष्ठाने भरायचा असतो. म्हणजे मी.

तिने तो फॉर्म रोजच्या सह्यांच्या फायलींमध्ये ठेवला होता, वर पिवळी चिठ्ठी, "सवडीने." एवढंच. घरी त्याचा विषय नाही, डोळ्यांत तो भाव नाही. मी फॉर्म उघडला. नाव, हुद्दा, कालावधी. उमेदवाराशी नातं असल्यास लिहा. मी लिहिलं, भावजय. मग शेवटचा रकाना होता. उमेदवाराचे काम (अ) स्वतंत्र निर्णयाचे, (ब) सहाय्यक स्वरूपाचे. एकावरच खूण करा. खाली बारीक अक्षरांत टीप, काम सहाय्यक स्वरूपाचे असल्यास उमेदवाराने आणखी तीन वर्षांनी अर्ज करावा.

फॉर्म मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. चौथ्या दिवशी धाकटा आला. इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "ताई, तो फॉर्म तेवढा दे ना गं करून. एका खुणेचं तर काम आहे."

"तिने पाठवलंय तुला?"

"छे. तिला कळलं मी आलो होतो, तर माझी खैर नाही."

"मग तू कशाला मध्ये लुडबुडतोस?"

"तू तिला नोकरी दिलीस, आता हेही तूच कर. तुझ्याशिवाय कोण आहे तिचं तिथे?"

तो बिचारा सरळ मनाने बोलत होता. पण मला ऐकू आलं ते असं, की हिला वर चढवायला मी खाली वाकावं, पाठ द्यावी, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. तो गेल्यावर मी यांना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" हे म्हणाले, "गाडी चांगली चालवतो तो, त्याला लायसन द्यायचं. मला तो आवडतो की नाही हा प्रश्नच येत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय?" आणि तिथेच बसून (ब) वर खूण केली.

बरं, खोटं काहीच लिहिलं नव्हतं मी. काढा म्हटलं तीन वर्षांच्या फायली. एका तरी कागदावर तिची सही आहे? सगळीकडे माझी. कागदोपत्री निर्णय माझेच. तिचा हुद्दाच सहाय्यक, मग काम सहाय्यक स्वरूपाचे, यात चुकलं काय? पाकीट चिकटवलं, पेटीत टाकलं आणि घरी येऊन छान झोपले.

पुढचे बारा दिवस मात्र माझं मलाच काही कळेना. ती नेहमीसारखी वागायची आणि मी तिच्याशी जरा जास्तच गोड बोलायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. एकदा तिने विचारलं, "मॅडम, फॉर्म पोचला असेल ना?" मी म्हटलं, "पोचला असेल की." ती म्हणाली, "थँक्यू हं." आणि वळली.  मी मनाला सांगितलं, तीन वर्षांनी करेल अर्ज. मी नाही थांबले अकरा?

तेराव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आमचा विभाग छपाईच्या मशिनच्या बरोबर वर आहे. मशीन चालू असलं की टेबलं थरथरतात, आणि तिथे काम करणारा प्रत्येक माणूस ओरडूनच बोलतो. माझ्या बसायच्या जागेला अर्धं काचेचं पार्टिशन आहे, वरून उघडं. तिचं टेबल त्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर.

फोनमधून तरुण, फार अदबीचा आवाज आला. "मॅडम, संस्थेतून बोलतेय. नातेवाईक असलेल्या वरिष्ठांना आम्ही एक फोन करतोच. नियमच आहे. लोक नात्यातल्यांबद्दल जरा जास्तच चांगलं लिहितात ना, म्हणून."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुमच्या बाबतीत उलटं झालंय, म्हणून म्हटलं विचारून घ्यावं. काम सहाय्यक स्वरूपाचं होतं?"

"हो."

"म्हणजे निर्णय तुमचे असायचे."

मी पार्टिशनकडे पाहिलं. काचेतून तिच्या डोक्याचा वरचा भाग दिसत होता, भांग आणि चष्म्याची दांडी. खाली मशीन चालू होतं. हळू बोलले तर या पोरीला ऐकू जाणार नाही, मोठ्याने बोलले तर तिला. पण आता माघार कसली? "हो, माझेच," मी म्हटलं.

"मग या तीन वर्षांतले एक-दोन निर्णय सांगाल? म्हणजे मला इथे नोंद करता येईल."

आणि मी सांगायला लागले. गोंद विभागात एक जण होता, मंगळवारी आणि शुक्रवारी हमखास उशिरा यायचा. सगळे म्हणत होते, ताकीद द्या, दोनदा दिली की काढता येईल. ताकीद दिली नाही, सहा महिन्यांची हजेरी काढून बघितली, त्याच्या आईला त्याच दोन दिवशी दवाखान्यात न्यावं लागतं हे शोधून काढलं, आणि त्या दोन दिवसांपुरती त्याची पाळी तासभर पुढे ढकलली. त्यानंतर तो एकदाही उशिरा आला नाही. "कुणी शोधून काढलं?" फोनवरच्या पोरीने विचारलं. "मी," मी म्हटलं. फोनमधून पेन चालल्याचा आवाज आला.

एकदा जीभ सैल सुटली की माणूस वाहवत जातो. मी दुसरा सांगितला. कटिंग विभागात दोघी जणी होत्या. वर्षभर एकमेकींशी धड बोलत नव्हत्या, आठवड्यातून एकदा तरी कडाक्याचं भांडण ठरलेलं. सुपरवायझर म्हणे, एकीची बदली करा. साहेब म्हणे, दोघींची करा. बदली कुणाचीच केली नाही. सुऱ्या ठेवायचं कपाट होतं, ते फक्त या भिंतीवरून त्या भिंतीला हलवलं. महिनाभरात भांडण बंद. आता दोघी एका डब्यात जेवतात.

"वा," ती पोरगी म्हणाली. खरंच खूश झाली होती. "हे फारच छान आहे, मॅडम. पण कपाटच का?"

"काय?"

"म्हणजे भांडण दोघींचं. तुम्ही कपाट का हलवलंत?"

"थांबा हं एक मिनिट," मी म्हटलं, "हिला विचारून सांगते." आणि रिसीव्हर तसाच हातात धरून पार्टिशनवरून ओरडले, "अगं, ते कटिंगचं कपाट आपण का हलवलं गं?"

तिने मान वरसुद्धा केली नाही. तशीच ओरडून म्हणाली, "ते एकीच्या पाठीमागे होतं ना. सुरी घ्यायला दुसरीला दिवसातून वीसदा तिला 'सरक' म्हणावं लागायचं. भांडण त्या 'सरक'चं होतं."

"हां," मी म्हटलं आणि रिसीव्हर कानाला लावला. "ते एकीच्या पाठीमागे होतं, आणि दुसरीला..."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. मला कुणी पकडलं नव्हतं, कुणी उलटतपासणी केली नव्हती. दिवसातून दहा वेळा बोलायचं वाक्य मी अकराव्यांदा बोलले होते. साहेबांचा फोन आला की, युनियनवाले आले की, कुणी काहीही विचारलं की, थांबा हं, हिला विचारून सांगते. तीन वर्षांत मला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

 फोनवरची पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, मी उमेदवारांशीच बोलू का?"

काचेपलीकडची मान आता वर झाली होती. उमेदवार वगैरे तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझा सगळा भाग तिने ऐकला होता. माझेच, मी, मी. तिचा चेहरा काही वेगळा दिसत नव्हता. जरा लाल झाला होता, एवढंच.

"तुझा फोन आहे," मी म्हटलं.

त्या फोनची वायर आखूड. बोलायचं तर माझ्याच खुर्चीत बसावं लागतं. मी उठले, ती येऊन बसली, आणि मी बाहेर तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. जायचं तर कुठे जाणार? तिथून सगळं ऐकू येत होतं, मशीन चालू होतं ना.

तिने पाळीचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्या ज्या मी सही करून विसरून गेले होते. हो, मीच ठरवलं, ती म्हणाली. लपवाछपवी नाही, माझ्यासाठी खोटं बोलणंही नाही. मला वाटलं, आता माझी पाळी. आता सांगेल, या बाईंनी तीन वर्षं माझ्या कामावर स्वतःचं नाव लावलं. मी असते तर सांगितलं असतं. मी तर आणखी मीठमसाला लावून सांगितलं असतं.

ती म्हणाली, "नाही, चूक मॅडमची नाही. तो रकानाच तसा आहे. ठरवायचे मी, पण सही त्यांची असायची. कपाट हलवून कुणाचा हात कापला असता, तर जबाब त्यांना द्यावा लागला असता. नोकरी त्यांची गेली असती, माझी नाही. तरी तीन वर्षांत त्यांनी एकदाही मला विचारलं नाही, कशावरून म्हणतेस. दुसरीकडे मला कुणी एवढं करू दिलं नसतं. हे तुमच्याकडे कुठे लिहायला जागा असेल तर लिहा."

मग तिने मला हाक मारली. त्या पोरीला खूण बदलायला माझं तोंडी सांगणं पुरेसं होतं. मी रिसीव्हर घेतला आणि म्हटलं, "अ करा." आवाज माझा बरा निघाला. टिपकागद तिच्या जागेवर जाऊन बसली, पेन्सिल उचलली. मी माझ्या खुर्चीत बसले. दोन महिन्यांनी ती कुणाची असणार ते आता ठरलं होतं.

मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. खूण चुकली त्याचा नाही, पकडले गेले त्याचाही नाही. इतक्या वर्षांत माझ्यात एक चांगली गोष्ट निघाली, आणि ती शोधून काढली तिने. मी त्या सह्या का केल्या, हे मला विचाराल तर कंटाळा. वाचायचा कंटाळा. नोकरी जाऊ शकते, जबाब द्यावा लागेल, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तर मी एकही सही केली नसती.